संगतीने घडलेले घर : श्रीसंत बहिणाबाई

भर्तृहरीच्या नीतिशतकात पाण्याच्या थेंबाचा दृष्टांत आहे. तोच थेंब तापल्या लोखंडावर पडला तर नाव उरत नाही, कमळाच्या पानावर पडला तर मोत्यासारखा दिसतो आणि शिंपल्यात पडला तर मोतीच होतो. पाठशाळेत असताना आम्ही तो श्लोक घोकला आणि पुढे कीर्तनाच्या पूर्वरंगात संगतीचा विषय निघाला की हमखास लावला. श्रोते माना डोलावतात. दृष्टांत गोडच आहे. पण सज्जनहो, थेंबाला मन नाही. त्याला मान-अपमान नाही, शेजारी नाहीत, भाऊबंद नाहीत. माणूस संगतीत पडला म्हणजे त्याला बदलायला किती दिवस लागतात, कुठे अडते, मधे कोण काडी टाकतो, हे थेंबावरून कळायचे नाही. ते पाहायचे तर एखादे घर पाहावे लागते. असे एक घर तुकोबारायांच्या काळात होते. त्या घराची हकीकत घरातल्या बाईनेच अभंगांतून सांगून ठेविली आहे. त्या आमच्या शिऊरच्या संत बहिणाबाई.

प्रथम एक गोष्ट सांगून टाकतो, कारण यात्रेत पुष्कळदा घोटाळा होतो. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१), ज्यांच्या ओव्या शाळेच्या पुस्तकांतून आल्या, त्या निराळ्या. आम्ही सांगतो त्या बहिणाबाई त्यांच्याही अडीचशे वर्षे आधीच्या.

त्यांचा जन्म शके १५५० म्हणजे इ. स. १६२८ चा. वेरूळच्या पंचक्रोशीतले देवगाव हे जन्मगाव. वडील आऊजी कुलकर्णी, आई जानकी. पुष्कळ दिवस मूल नव्हते, अनुष्ठान केले, तेव्हा ही मुलगी झाली. खेळण्याच्या वयातच लग्न लागले. नवरदेव शिऊरचे गंगाधरपंत पाठक, वेदवेत्ते, वय तीस, आणि बिजवर. त्या काळी असे होत असे. आज ते ऐकून अंगावर काटा येतो आणि यावाच. पण आम्हांस पुढचे सांगावयाचे आहे.

थोड्याच वर्षांत वडिलांचा भाऊबंदांशी वतनावरून तंटा लागला. गोष्ट इतकी विकोपास गेली की, आईवडील, जावई आणि मुलगी या सर्वांना रातोरात गाव सोडावे लागले. तीर्थे करीत, भिक्षा मागत मंडळी निघाली. पंढरपूर झाले, शिखर शिंगणापूर झाले, मग रहिमतपूर, आणि शेवटी कोल्हापूर. कुलकर्ण्याच्या घरची माणसे, पण दारोदार कोरान्न मागण्याची पाळी आली. एक लक्षात घ्यावे. गाव सुटले तशी गावाची चौकटही सुटली. आपल्या गावात राहिली असती तर कुळकर्ण्याची ही लेक सासरी नांदून उंबऱ्याआडच संपली असती. वाटेवर मात्र पंढरीची पायरी लागली, देवळातल्या कथा कानावर पडल्या. भाऊबंदांनी दावा साधला, आणि त्या दाव्यातून या मुलीला संतांची वाट दिसली.

कोल्हापुरात एका वेदपाठी ब्राह्मणाने त्यांना आपल्या घरी बिऱ्हाड दिले. बहिणा तेव्हा अकरा-बारा वर्षांची असेल. त्या ब्राह्मणास कोणी यजमानाने सवत्स कपिला गाय दान केली होती. ती त्याने गंगाधरपंतांच्या स्वाधीन केली. वासराला या मुलीचा असा लळा लागला की, ती जवळ असल्याखेरीज ते चारा घेईना, पाणी पिईना. ती पाण्याला निघाली की वासरू मागे. ती कथेला निघाली की वासरू मागे. कथा संपेपर्यंत उभे राही आणि लोक नमस्कारास वाकले की तेही मान खाली घाली. नगरात त्याची चर्चा होऊ लागली.

त्याच सुमारास जयरामस्वामी वडगावकर कोल्हापुरास आले होते. समर्थांच्या काळच्या पाच थोर सत्पुरुषांचे जे पंचायतन म्हणतात त्यांतले हे एक. त्यांच्या कीर्तनात तुकोबारायांची पदे असत, आणि बहिणेच्या कानांवर तुकोबा पहिल्याने आले ते याच कीर्तनांतून. एका एकादशीला गर्दी मोठी होती. जागा नाही म्हणून लोकांनी वासराला बाहेर हाकलून दिले. ते बाहेर हंबरडा फोडू लागले, आत मुलीच्या डोळ्यांतून पाणी. स्वामींना कळले तेव्हा त्यांनी वासराला आत आणविले, आणि त्या मुलीच्या व वासराच्या मस्तकावरून हात फिरविला. इतकेच झाले. कीर्तन पुढे चालू झाले, लोक घरोघर गेले.

आता पहा गंमत. साधूने हात ठेविला ही गोष्ट मंगल. पण ती गंगाधरपंतांच्या घरी पोचली कशी? पाहणाऱ्यांनी दुसऱ्यांस सांगितली, दुसऱ्यांनी तिसऱ्यांस, आणि शेवटी एका गोसाव्याने पंतांच्या कानांवर घातली. चार तोंडांतून फिरून आलेल्या गोष्टीत पावित्र्य कुठचे उरणार? उरले ते एवढेच की, अमक्याची बायको भरल्या सभेत लोकांच्या नजरेत आली. पंत घरी आले, वेणी धरली आणि त्या पोरीला गुरासारखी मारली. हातपाय बांधून घातले. आई-बाप घरातच होते. त्यांना मधे पडता येईना. गोठ्यात गाय आणि वासरू यांनी तोंडाला वैरण लाविली नाही.

हे बहिणाबाईंनी स्वतः लिहून ठेविले आहे. कीर्तनात काही मंडळी हा भाग घाईने उरकतात. संताच्या पतीची निंदा कशी करावी, असा त्यांना संकोच वाटतो. आम्हांस तो संकोच पटत नाही. जी गोष्ट सोसणारीने लपविली नाही ती आपण का लपवावी? आणि पंत काही दुष्ट माणूस नव्हते. वेद मुखोद्गत, आचार चोख, परमुलखात बायको-सासूसासऱ्यांना पोसणारा गृहस्थ. मग हात का उठला? त्यांच्या डोळ्यांपुढे बायको नव्हतीच, लोक होते. आपल्याकडे कोण काय म्हणून पाहते, ओट्यावर बसून कोण काय बोलते, याची धास्ती घेऊन ते घरी आले आणि त्या धास्तीने मारले. माणूस एकटा असताना जे करणार नाही ते चारचौघांच्या भयाने करतो. गावोगावच्या ओसरीवर आम्ही हे पाहत आलो आहो. नाव कुळाचे घेतात, बोलविता धनी शेजारी असतो.

पुढे वासरू गेले. त्याच्या अंतकाळी जो चमत्कार घडला तो भाविकांस ठाऊक आहे, त्याचा विस्तार येथे करीत नाही. जयरामस्वामी स्वतः भजन करीत आले आणि वासराला मूठमाती दिली. बहिणा बेशुद्ध पडली ती तीन दिवस तशीच होती. पुढे कार्तिक वद्य पंचमी, रविवार, या दिवशी तिला स्वप्नात तुकोबारायांचा अनुग्रह झाला. ज्यांना डोळ्यांनी पाहिले नव्हते, ज्यांचे शब्द तेवढे दुसऱ्याच्या मुखातून ऐकले होते, ते गुरू झाले. संगत म्हणजे जवळ बसणेच असे नव्हे, हे यावरून दिसते. देहू कोठे, कोल्हापूर कोठे! मधे जयरामस्वामींची वाणी होती आणि ऐकणारीचे कान होते, तेवढ्याने काम झाले. आम्हां कीर्तनकारांनी हे वाचून जरा भ्यावे. आपल्या तोंडून कोणाला काय पोचते आहे, याचा हिशेब व्यासपीठावरून लागत नाही.

बातमी फुटली. बायकापुरुष या मुलीच्या दर्शनास येऊ लागले. पंतांना ते पहिल्या गोष्टीहून अधिक लागले. आपण दशग्रंथी, आणि लोक पाया पडतात आपल्या बायकोच्या. त्यात तिचा गुरू शूद्र म्हणविला जाणारा. त्यांनी निश्चय केला की, हिला आईबापांच्या हवाली करून आपण तीर्थयात्रेस निघून जावे. बहिणेस तेव्हा तिसरा महिना होता. तिच्या मनाची ओढाताण या ठिकाणच्या अभंगांत जशी उतरली आहे तशी इतरत्र क्वचित. एका हाताला विठोबा, एका हाताला भ्रतार. शास्त्र सांगते पतीस सोडू नये, जीव सांगतो नाम सोडू नये.

निघण्याच्या वेळीच पंत आजारी पडले. महिनाभर अंथरूण. औषध चालेना. आणि या दुखण्यात जवळ कोण होते? ज्या लोकांच्या भयाने मारले होते त्यांपैकी कोणी नव्हते. पायाशी बसली होती ती जिला मारली तीच. दिवसरात्र तिने सेवा केली. पंतांच्या मनात पश्चात्ताप उभा राहिला, आपण संताची निंदा केली त्याचे हे फळ असे त्यांना वाटू लागले, आणि बरे झालो तर देहूस जाऊन तुकोबांचे पाय धरीन असा त्यांनी संकल्प केला. दुखणे उतरले.

कोणी म्हणेल, माणूस आजारात वितळतो, बरा झाला की पुन्हा घट्ट होतो. खरे आहे. स्मशानवैराग्य आम्ही थोडे पाहिले नाही. पंत कोल्हापुरातच राहते तर काय झाले असते? तीच आळी, तेच ओटे, तीच तोंडे. दोन महिन्यांत जुने पंत परत आले असते, असे आमचे मत आहे. पण त्यांनी शहाणपणाची गोष्ट केली. बिऱ्हाड मोडले, सासूसासरे, बायको आणि ती गाय एवढे घेऊन इंद्रायणीचा काठ गाठला. बदललेल्या मनाला बदललेली माणसे शेजारी दिली.

देहूस पोचले तेव्हा देवळात आरती चालली होती. बहिणाबाईंनी स्वप्नात पाहिलेली मूर्ती समोर उभी पाहिली. पंतांनीही नमस्कार घातला. कोंडाजीपंत नावाच्या गृहस्थाने भोजनाची सोय केली. राहावयास जागा पाहिजे म्हणून मंडळी मंबाजी गोसाव्याच्या वाड्यात गेली, तो त्याने हाकून दिले. मग देवळाजवळच्या ओवरीत मुक्काम पडला. गावातली हवेली नाही मिळाली, देवाची ओवरी मिळाली. आणि तीच बरी, कारण रात्रंदिवस कीर्तन, भजन, पुराण कानांवर.

तुकोबारायांच्या भोवती तेव्हा कोण होते ते पहा. ज्या वाघोलीच्या रामेश्वरभटांच्या शब्दामुळे गाथेच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या, तेच रामेश्वरभट आता तुकोबांच्या मेळ्यात होते. पंतांसारखेच वेदसंपन्न, पंतांसारखेच एकदा तुकोबांचे विरोधक. कोल्हापुरात पंतांना कोणी सांगितले असते की शूद्राचे पाय धर, तर ते खवळले असते. देहूत कोणी काही सांगितलेच नाही. आपल्याहून विद्वान ब्राह्मण टाळ घेऊन उभा आहे, वाणी, कुणबी, तेली एकाच रांगेत नाचत आहेत आणि कोणी कोणाची जात पुसत नाही, हे रोज डोळ्यांपुढे. उपदेशाने जे महिन्यांत होत नाही ते शेजारच्या टाळकऱ्याकडे पाहून आठ दिवसांत होते. आपल्या दिंडीत हेच चालत नाही काय? ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून निघते. घरी ताटात जरा मीठ कमी पडले तर भांडी आपटणारा गृहस्थ दिंडीत पंगतीला जे वाढतील ते मुकाट्याने खातो, तंबूत मिळेल त्या जागेला पडतो आणि ज्याचे नाव माहीत नाही त्याला माउली म्हणून पाया पडतो. त्याला कोणी कायदा वाचून दाखविलेला नसतो. पुढचा तसे करतो म्हणून मागचा करतो.

असो. पंतांनी स्नानसंध्या सोडली नाही, वेदाध्ययन सोडले नाही. तुकोबांनी ते सोडायला लावलेही नाही. नित्यकर्म आटोपले की पंत कथेला येऊन बसत. पत्नीला पूर्वी ज्या कारणासाठी मारले तेच आता दोघांचे मिळून चालू झाले. देहूतच त्यांना कन्या झाली, तिचे नाव काशी.

मंबाजीचे काय? येथे थोडे थांबले पाहिजे. कारण संगतीचा महिमा गाणारे मंबाजीला वगळून पुढे जातात. मंबाजी तुकोबांच्या अगदी लगत राहत असे. महिपतिबुवांनी सांगितले आहे की, तो कीर्तनालाही नेमाने येई. ज्याने काटेरी फांद्यांनी तुकोबांना मारले आणि त्या रात्री कीर्तनास आला नाही म्हणून तुकोबा स्वतः ज्याला बोलवावयास गेले, त्याचे अंग चेपीत बसले, तो हाच. म्हणजे कोल्हापूरच्या पोरीला स्वप्नात जे मिळाले ते याला रोज दारात मिळत होते. तरी याचे काही हलले नाही. उलट पाठकांचे कुटुंब तुकोबांना गुरू मानते हे कळताच हा पिसाळला. त्यांनी आपला अनुग्रह घ्यावा अशी त्याची इच्छा होती. त्यांना वाळीत टाकावे म्हणून त्याने पुण्याच्या आपाजी गोसाव्यास पत्र धाडले. शेवटी त्यांची गाय नेऊन घरात कोंडली आणि तिला मारहाण केली. बहिणाबाई सांगतात की, त्या माराचे वळ तुकोबांच्या पाठीवर उठले. पुढे मंबाजीच्या घरास आग लागली, लोक विझवावयास धावले, तेव्हा आतून गाईचा हंबरडा ऐकू आला आणि ती सापडली. रामेश्वरभटांनी गाईची पाठ पाहिली, तुकोबांची पाठ पाहिली.

मंबाजी गादीवर बसलेला मनुष्य. त्याचे स्वतःचे शिष्य होते, स्वतःचा मठ होता, आणि दिवसभर त्याच्याभोवती त्याला मोठा म्हणणारीच तोंडे होती. रात्री घटकाभर कीर्तन ऐकून तो त्याच तोंडांत परत जाई. त्याची खरी संगत ती होती. कीर्तनात तो ऐकावयास येत नसे, माणसे किती जमली ते मोजावयास येत असे. फडावर, सप्ताहात, यात्रेत अशी मोजणी करणारे आजही दिसतात, आणि त्यांच्या गळ्यात माळही असते. पंत देहूला आले ते सगळे मागे टाकून, ओवरीत राहिले, दुसऱ्याच्या घरी जेवले. त्यांच्याजवळ मोजायला काही नव्हते.

बहिणाबाईंच्या पुढील अभंगांत पतिव्रताधर्माची थोरवी पुष्कळ आहे. नवशिक्षित वाचकांस ते खटकते. एवढा मार खाल्ला आणि पुन्हा पतीची स्तुती! आमचे म्हणणे असे की, ही स्तुती करणारी बाई भोळी नव्हती. ब्राह्मण कोणास म्हणावे याचा विचार करणारी वज्रसूची, जी अश्वघोषाच्या नावावर सांगतात, तिच्यातला विचार त्यांनी मराठी अभंगांत आणला. जन्माने ब्राह्मण्य येत नाही हे ब्राह्मण घरच्या बाईने सतराव्या शतकात लिहिणे ही लहान गोष्ट नाही. असे लिहिण्याचे धैर्य त्यांना पुस्तकाने दिले नसावे, देहूच्या त्या रांगेने दिले असावे. पतीस सोडले असते तर एक जीव सुटला असता. त्यांनी न सोडता त्यांनाही त्या रांगेत उभे केले. पण म्हणून मार खाणाऱ्या लेकीबाळींनी बहिणाबाईंचे नाव घेऊन मुकाट सोसावे, असे सांगणारा कीर्तनकार असेल तर तो या चरित्रातले अर्धेच सांगतो. बहिणाबाईंनी सोसले हे खरे, आणि सोसलेले सर्व जगासमोर मांडले हेही खरे.

वारकरी पंथाला इमारतीची उपमा देणारा, ज्ञानदेवांपासून तुकोबांपर्यंत एकेकाचे काम वाटून दाखविणारा जो अभंग घरोघर म्हटला जातो, तो बहिणाबाईंच्याच नावावर आहे. एकट्याने कोणी संत झाला नाही, एकाच्या खांद्यावर दुसरा उभा राहिला, हे ज्या बाईने इतके नेमके पाहिले तिने ते आपल्या घरात आधी पाहिले होते.

तुकोबारायांच्या वैकुंठगमनानंतरचे फारसे सांगत नाही. पुढे त्या शिऊरास आल्या आणि तेथेच राहिल्या. त्यांना विठोबा नावाचा पुत्र झाला, तोही परमार्थी निघाला. शके १६२२, म्हणजे इ. स. १७०० मध्ये, आपला काळ जवळ आला हे जाणून त्यांनी बाहेरगावी गेलेल्या विठोबास पत्र पाठवून बोलावून घेतले. तो येऊन जवळ बसला तेव्हा त्यांनी आपल्या मागील बारा जन्मांची हकीकत त्याला सांगितली आणि हा तेरावा म्हणून सांगितले. आश्विन शुद्ध प्रतिपदेस त्यांनी देह ठेविला. वय बहात्तर.

त्यांची गाथा पुढे छापली गेली. १९२९ मध्ये जस्टिन अॅबट नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याने त्यांच्या आत्मचरित्राचे इंग्रजी भाषांतर मूळ मराठी अभंगांसह प्रसिद्ध केले, तेव्हा परदेशातल्या वाचकांसही हे घर ठाऊक झाले. समाधी शिऊरास आहे. हे गाव वैजापूर तालुक्यात, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहे. घृष्णेश्वराच्या दर्शनास जाणाऱ्या भाविकांनी एक दिवस अधिक काढून शिऊरलाही जावे. जाताना आत्मनिवेदनाचे अभंग बरोबर न्यावेत, आणि वासराच्या प्रसंगापासून देहूच्या ओवरीपर्यंतचा भाग समाधीपाशी बसून एकाने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा.